कनकीचे पापड आणि व्हिएतनामची बाई

सिहोऱ्याला आमची छोटी राइस मिल आहे. आमच्या व्यापारी मंडळाने व्हिएतनाममधल्या एका मंडळाशी करार केला आणि ऑनलाइन ओळखीसाठी माझ्या वाट्याला तिथली एक मिलवाली बाई आली.

"दोघंही तांदूळवालेच! एकमेकाले विकून राहिले काय?" बायको मागून हसली.

दुभाषी मुलगी होती, तरी बोलणं अडखळतच होतं. शेवटी धान किती वाळलंय ते दाखवायला मी एक दाणा दाताखाली कटकन फोडला. त्या बाईनेही लगेच फोडला आणि खळखळून हसली. मग तिने विचारलं, "तुटक्या तांदळाचं काय करता?"

"कनकी? कोंबड्यांना घालतो."

तिने कनकीच्या पिठाचा पातळ, पारदर्शक पापड कॅमेऱ्यासमोर धरला. बायकोने मला खुर्चीवरून उठवलंच. "सरका बरं. पीठ किती पातळ भिजवते, मले विचारू द्या."

अर्धा तास दोघींचंच चाललं. मग बायकोने घरी केलेले पहिले पापड फाटले, दुसरे चिकटले. तिसऱ्या खेपेचे जमले. आता तुमसरचा एक हॉटेलवाला ते तळून विकतो. पोहोचवायला स्कूटरवर मी जातो. मिलवाल्यापेक्षा पापडवालीचा नवरा म्हणूनच तो मला जास्त ओळखतो, पण चहा मात्र फुकट पाजतो.