बरणीवरची चिठ्ठी

आमच्या जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये एक जुने अटेंडंट होते. शिक्षण दहावी नापास. मी नवा प्राध्यापक. पहिल्याच आठवड्यात मी बरणीतल्या विंचवाला सॅम्पल म्हणालो, तेव्हा ते फडक्यानं काच पुसत शांतपणे म्हणाले, "सर, सॅम्पल मोंढ्यात धान्याचं असतंय. मूठभर काढायचं, बघायचं, टाकून द्यायचं. हे स्पेसिमेन हाये. कुठं घावलं, कधी, कुणी आणलं, बराबर चिठ्ठीवर पाह्यजे. चिठ्ठी न्हाई तर नुसता मेलेला विंचू."

पुढं तपासणी समिती येणार होती. कपाट भरलेलं दिसावं म्हणून मी कुठूनसा आलेला एक साप त्यांच्यापुढं ठेवला. "केदारखेडा लिहून टाका."

"तुम्ही गेल्ते का केदारखेड्याला?"

सापाची बरणी त्यांनी टेबलाखाली सरकवली.

समितीतल्या बाईंनी कपाटातली रिकामी जागा हेरलीच. मी सारवासारव करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "साप हाये मॅडम. पण कुठला ते म्हाईत न्हाई, म्हणून मांडला न्हाई." बाईंनी चष्मा चढवला आणि उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उभ्यानं वाचून काढल्या.

त्या रविवारी मी एसटीनं केदारखेड्याला गेलो आणि नदीतला एक खेकडा घेऊन आलो. त्यांनी चिठ्ठीवर गाव लिहिलं, तारीख लिहिली आणि खाली माझं नाव.

नेमणुकीच्या पत्रावरही माझं नाव होतं. पण त्यांच्या अक्षरातलं मी पुन्हा पुन्हा जाऊन वाचत असे.