पोरांना सोडा म्हणणाऱ्या मॅडम

मॅडम तापट आहेत, हे कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या उगाच तापायच्या नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. परकी भाषा शिकवता शिकवता त्यांनी एक उद्योग मागे लावून घेतला होता. आपली पोरं सहामाहीभर त्या भाषेच्या देशात, तिथल्या घरांत राहायला पाठवायची आणि तिकडची पोरं इकडे आणायची. जग केवढं आहे ते पुस्तक वाचून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. आणि पदरात काय पडलं? प्राचार्य म्हणायचे, "सहल म्हणून ठीक आहे हो." पोरं तिकडे जाऊन एकमेकांच्याच गळ्यात गळे घालून हिंडायची. आणि आईबापांबद्दल तर बोलायलाच नको.

दरवर्षी पालकसभेत मॅडम कानीकपाळी ओरडायच्या, "अहो, पोरांना सोडा जरा! सारखे फोन करू नका. अडू दे, चुकू दे, कुणाला तरी विचारू दे." पालक माना डोलवायचे आणि जिना उतरता उतरताच फोन लावायचे.

यंदा मॅडमचा स्वतःचा मुलगा गेला. ज्या घरी तो गेला, त्याच घरची मुलगी ह्यांच्याकडे राहायला आली. सरळ अदलाबदल. पोरगी उंच, शहाणी, आवाज न करता वावरणारी. पण जेवायला बसली की पाण्याच्या भांड्याला टेकवून फोन उभा, आणि फोनमध्ये आई. मॅडम भाजीचा डाव हातात धरून विचारायच्या, "आणखी वाढू?" पोरगी मान हलवायची आणि आईशी पुढे सुरू.

"घरात माणूस आणलंय की फोन?" मॅडम नवऱ्यावर डाफरायच्या.

"तूही बोलतेसच की लेकाशी," नवरा म्हणायचा.

"माझं वेगळं आहे. मी त्याला मार्गदर्शन करते."

हे मार्गदर्शन रोज चांगलं तासभर चालायचं. खोलीत बसू नकोस. त्या बाईंशी गप्पा मार. वर्गातल्या कुणाला तरी घेऊन बाहेर पड. मुलगा सगळ्याला "हो आई" म्हणायचा. आणि एक दिवस "हो आई"च्या ऐवजी म्हणाला, "आई, मला परत यायचंय. इथे माझं कुणीच नाही."

मॅडमच्या पायाखालची जमीन सरकली. आत्ता परत आला तर पोराचं वर्ष जाणार. शिवाय तो आयुष्यभर मनाशी धरून बसणार की आपल्याला जमलं नाही, आणि त्याची धास्ती त्यांना जास्त होती. प्राचार्यांना तर आयतंच कोलीत मिळालं असतं. मग मॅडमनी काय करावं? एकाचे तीन फोन सुरू केले.

त्याच आठवड्यात एकदा जेवताना पोरीचा फोन वाजला आणि मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तो सरळ उचलला आणि पलीकडच्या बाईला, व्याकरणाची एकही चूक न करता, झाप झाप झापलं. "तुमची मुलगी माझ्या घरात आहे की तुमच्या, हेच मला कळेनासं झालंय. तिला जरा सोडाल का?"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचं खरं आहे. पण मी तरी काय करू? माझ्या टेबलाशी एक मुलगा बसतो आणि तुमच्याशी बोलतो. मी काही विचारायला गेले की हाताने खुणावतो, थांबा, आई आहे. चार घास एकटीने किती गिळायचे? मग मी माझ्या मुलीला फोन लावते."

नवऱ्याने तोंडावर हात धरला. मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो तसाच ठेवला.

दोघींनी फक्त रविवारी फोन करायचा, असं त्या बाईंनीच सुचवलं. मॅडम हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

त्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पोरगी डोळे सुजवून खोलीबाहेर यायची. मॅडम वर्गात खेकसायच्या, घरात खेकसायच्या, कपाटाचं दार लागलं नाही तर त्याच्यावरही खेकसायच्या. पोर उपाशी तर नसेल, सामान बांधून तर बसलं नसेल, हाच घोर. रविवारी दुपारी त्यांनी फोन लावला. तो बराच वेळ वाजला.

"आई, नंतर करू का? आम्ही निघालोय."

"आम्ही म्हणजे कोण? कुठे निघालात?"

"सगळेच गं. तळ्यावर. ठेवतो हां."

परत येण्याचा विषयसुद्धा नाही. इतकी वर्षं त्या ज्याच्यासाठी घसा कोरडा करत होत्या, ते हेच होतं. आणि त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळे भरून आले, आणि आले म्हणून स्वतःचाच राग आला. "शहाणा झालाय," त्या फोनकडे बघत म्हणाल्या. सगळे म्हणजे कोण? कसलं तळं? पोराला पोहता तरी धड येतं का?

पोरगी मोरीपाशी कप विसळत होती.

"तुमच्याकडे तळं आहे?" मॅडमनी विचारलं.

पोरगी वळली. "आहे. घरामागची टेकडी उतरली की."

"रविवारी लोक तिथे काय करतात?"

ती भाषा मॅडम आयुष्यभर शिकवत आल्या होत्या. स्वतःला उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न त्यांनी त्या भाषेत कुणाला विचारला, तो आज पहिल्यांदा. पोरगी हात पुसत त्यांच्यासमोर बसली आणि सांगायला लागली.