माळ्यावरचा पहिला कॉम्प्युटर

जव्हारच्या बाजारपेठेत विद्युल्लताबाईंचं टायपिंगचं आणि फोटोचं दुकान आहे. नाव एवढं लांबलचक की पाटीवर मावेना, म्हणून पेंटरने आपल्या मनानेच ‘लता फोटो’ लिहून टाकलं आणि बाई त्याच्यावर आजतागायत चिडून आहेत. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण शटर अजून स्वतःच वर ढकलतात. पाड्यांवरची माणसं त्यांना ‘फोटोवाली बाय’ म्हणतात. शाळेला फोटो, आधारला फोटो, पेन्शनला फोटो, आणि माणूस गेला की भिंतीला लावायला मोठा फोटो. जन्मात तीन-चारदा माणूस या दुकानात येतो, आणि शेवटच्या खेपेला तो स्वतः येत नाही.

यंदा गणपतीला त्यांचा मुलगा प्रसाद ठाण्याहून आला, तो भलंमोठं खोकं घेऊनच. आत नवा कोरा कॉम्प्युटर.

“आई, तुझा हा डबा बारा वर्षांचा झालाय. तो सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो.”

“होऊ दे की! चहा पिता पिता माणूस चार शब्द बोलतं. तुझ्या ठाण्यात कोण बोलतं का कुणाशी?”

डबा बारा वर्षांचा होता हे खरं. पण त्याचं काही दुखत-खुपत नव्हतं. सांगितलं ते छापत होता, दिलं ते सांभाळत होता. तरी बाईंना नव्याची हौस नव्हती असं मात्र कुणी समजू नका. प्रसाद गेल्यावर त्यांनी खोक्यावरचं अक्षर न् अक्षर वाचून काढलं. एकदा तर कात्री घेऊन चिकटपट्टीपर्यंत पोचल्या होत्या. तेवढ्यात नजर माळ्याकडे गेली आणि कात्री गुपचूप खणात गेली. प्रसादला फोनवर सांगितलं, “पितृपक्ष लागला बाबा. नवं काही काढत नाहीत. घट बसले की बघू.” तो हसला आणि बरं म्हणाला.

पितृपक्ष हे निमित्त. खरं कारण माळ्यावर होतं.

माळ्यावर बाईंचा पहिला कॉम्प्युटर होता, सुती कापडात गुंडाळलेला. त्याच्यावर त्यांनी काम करण्याची एक रीत बसवली होती. पाड्यावरच्या माणसाला तारीख विचारून काही उपयोग नाही. “फोटो कधी काढला होतास?” “भाताची आवणी व्हायच्या आधी.” “कोणत्या साली?” “नाल्यावरची मोरी वाहून गेली त्या साली.” झालं! मोरी कधी वाहून गेली ते बाईंना पाठ. त्या दिवसांतले फोटो उघडायचे की माणूस सापडलाच. फोटोंना नावं त्या देत नसत. एकेका पाड्यावर पाच काळ्या आणि सात लहान्या, नाव देऊन करायचं काय?

मग बारा वर्षांपूर्वी त्यांना नव्याची खाज सुटली. पहिला चांगला चालत होता, तरी सुटली. विकणाऱ्याने जुने सगळे फोटो नव्यात भरून दिले. जागा वाचावी म्हणून लहान केले, हललेले, डोळे मिटलेले काढून टाकले, आणि या खटाटोपात सगळ्यांवर एकच तारीख पडली. चार हजार तोंडं, एक दिवस. कुठली आवणी आणि कुठली मोरी! बाईंनी मनावर घेतलं नाही. नव्याचा तोरा होता. पहिला माळ्यावर गेला. दसऱ्याला तेवढा खाली यायचा, झेंडूचं फूल घ्यायचा, एकदा सुरू व्हायचा आणि परत वर.

त्यानंतर महिनाभरात साखरशेतचा रोहिदास आला. विशीतला पोरगा. आई वारली होती, चैती तिचं नाव. दुसऱ्या दिवशी बारावं होतं आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता. याच दुकानात कधीतरी काढला होता, अंगावर लाल काठाची पिवळी फडकी होती. फडकी म्हणजे डोक्यावरून खांद्यावर घ्यायचं फडकं. बाई तासभर शोधत राहिल्या. पहिला माळ्यावर होता, पण शिडी कोण लावतंय? शेवटी पिवळी फडकी दिसली, खाली सुरकुतलेलं, कपाळावर गोंदलेलं तोंड.

“हीच ना?” बाईंनी विचारलं.

रोहिदास बघत राहिला. मग मान खाली घातली. बाहेर गावाकडची जीप हॉर्न देत होती. बाईंनी फोटो मोठा केला, फ्रेम घातली आणि त्याच्या हातात दिली. तो ‘हो’ म्हणाला नव्हता, हे त्यांना शटर ओढताना आठवलं. तेव्हापासून ते त्यांच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी दाभोशाची काळी दुकानात आली. म्हातारी दरवर्षी यायची. निराधारांची पेन्शन होती, तिला हयातीचा दाखला लागतो. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा कागदावर सांगायचं आणि त्यावर फोटो चिकटवायचा. पण यंदा ती ओळखूच येईना. दंडावरचं मांस गेलं होतं आणि पायरी चढताना पायांचा आवाज येत नव्हता.

“बाय, अंगठा नाय उठत माझा. मशीन सांगं, काळी नाय.”

“अगं, कामानं रेषा झिजतात हाताच्या. बस, फोटो काढू.”

बाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या कॅमेऱ्यात माणसाचं तोंड दिसलं की भोवती हिरवी चौकट येते. काळीच्या तोंडाभोवती चौकट येईना. बाई पुढे झाल्या, मागे झाल्या, दिवा लावला. चौकट आली, ती काळीच्या डोक्यामागच्या कॅलेंडरवर, छापील देवीच्या तोंडाभोवती. काळीच्या तोंडावर ती काही येईना. बाईंनी कॅमेरा खाली ठेवला.

“जेवतेस का गं नीट?”

“भूकच नाय लागत. मी बसायच्या आधी माझं जेवण झालेलं असतं, बाय. आधी अमावस्येला व्हायचं. आता रोज. पोट भरलेलं, नि तोंडाला चव येते मी न खाल्लेल्याची. पितरांच्या दिवशी काकडीच्या पानगीची येते. माझ्या घरी कोण करतंय पानगी?”

मग ती थोडी वाकली आणि जे सांगायला आली होती ते बोलली. उन्हाळ्यात साखरशेतला लग्नाला गेली होती. तिथे एका घरात पाणी प्यायला वाकली आणि वर बघते तर भिंतीवर तीच. कपाळाला कुंकू, गळ्यात हार, पुढ्यात घास ठेवलेला. “कोणाचं घर म्हणून विचारलं. तर म्हणे रोहिदासचं, आई हाय त्याची. मी काय बोलणार? पाणी न पिताच आले.”

बारा वर्षं एका जित्या बाईला हार घातला जात होता, आणि तो फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, योगायोग, म्हातारपण, अशक्तपणा. बाईंनाही तसंच म्हणायचं होतं. पण कॅमेऱ्यातली चौकट त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

“त्या फोटोत फडकी पिवळी कशी तुझ्या अंगावर? तुझीच ती?”

“नाय गं. मोरी वाहून गेली त्या साली, आवणीच्या आधी, जीपमध्ये माझ्या बाजूला साखरशेतची एक बसलेली. माझी फडकी फाटलेली, तर फोटोपुरती तिची दिली. चांगली होती बिचारी.”

बाईंनी स्वतः शिडी लावली. गुडघे ठणकत होते, तोंडाने स्वतःलाच शिव्या चालल्या होत्या. कापड सोडलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. पहिला कॉम्प्युटर घरघरला, थांबला, परत घरघरला. आणि लागला! काळी हात जोडून बसली होती.

मोरी वाहून गेली ते साल. आवणीच्या आधीचा आठवडी बाजार. दहा मिनिटांत पडद्यावर चैती आली. पिवळी फडकी, रुंद जबडा, स्टुलावर ताठ बसलेली. तिच्या पुढेच, त्याच फडकीत, काळी. बाईंनी चैतीचा फोटो छापला, फ्रेम केला आणि दुसऱ्या दिवशी काळीला जीपमध्ये शेजारी बसवून साखरशेतला निघाल्या.

रोहिदासच्या घरी पितरांचा स्वयंपाक झाला होता. भिंतीवरच्या फोटोखाली पान वाढलेलं होतं, भात, उडदाची डाळ, पानात शिजवलेली, वाफाळती काकडीची पानगी. काळी उंबऱ्याशीच थबकली. “हीच चव,” ती पुटपुटली. रोहिदास आतून आला. आता बत्तीस वर्षांचा बाप्या. त्याने भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, परत भिंतीकडे पाहिलं आणि तो खाली बसला. त्याची बायको किंचाळून आत पळाली.

“भिऊ नको, जिवंत आहे ती,” बाई म्हणाल्या. “रोहिदास, चूक माझी. तो फोटो तुझ्या आईचा नव्हता.”

“ठाऊक हाय.”

“काय?”

“तवाच ठाऊक होतं, बाय. फडकी आईची होती. तोंड नव्हतं.”

“मग बोलला का नाहीस रे, माझ्या बाबा?”

“तुम्ही तासभर शोधत होता. घाम पुसत होता. तुम्हाला नाय कसं सांगू?”

पिशवीतून बाईंनी नवी फ्रेम काढली आणि त्याच्यापुढे धरली. रोहिदासने दोन्ही हातांनी ती घेतली. बघितली. दारातल्या उजेडात नेऊन बघितली.

“ही कोण, बाय?”

काळीने उंबऱ्यावरूनच फ्रेममध्ये डोकावून पाहिलं.

“चैती रे ती,” काळी म्हणाली. “तुझी आई. माझ्या बाजूला बसलेली.”

“नाय आठवत,” तो म्हणाला. “डोळे मिटले की तूच येतेस.”

बाई तोंडाला पदर लावून रडल्या. नव्याच्या हौसेपायी आपण या पोराची आई दोनदा नेली, आधी भिंतीवरून आणि मग डोळ्यांपुढून, असं त्यांच्या मनात आलं आणि ते खरंच होतं.

काळी मात्र हळूच आत आली. पानासमोर टेकली. “पोरा, जेवू का?” त्याने मान हलवली. म्हातारीने पानगी मोडली, पहिला घास घेतला आणि मग थांबलीच नाही. भात संपला, डाळ संपली. “आणि वाढ,” ती म्हणाली, “भूक लागली.” रोहिदासने टोप आणला. “घे आई,” तो म्हणाला, आणि मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. निघताना काळीने खुंटीवरचा आपला फोटो स्वतः उतरवला, हार काढून ठेवला आणि फोटो काखेत मारून, तोंड आतल्या बाजूला करून, जीपमध्ये बसली. परत आल्यावर बाईंनी तिला स्टुलावर बसवलं. कॅमेऱ्यातली हिरवी चौकट पहिल्या झटक्यात तिच्या तोंडाभोवती बसली.

घट बसले. प्रसादचा फोन आला. “उघडलंस का खोकं?”

“नाही उघडलं आणि उघडणारही नाही. चालतोय तो चालू दे. आणि दुसरा आणायचाच झाला तर माळ्यावरून आणीन.”

“आई, तुझं डोकं फिरलंय.”

“असेल,” बाई म्हणाल्या. “तुझ्या बापाचंही हेच मत होतं.”

दसऱ्याला पहिला कॉम्प्युटर परत वर गेला नाही. बाईंनी तो टेबलावरच ठेवला. दुसऱ्या बाजाराला रोहिदास दारात येऊन उभा राहिला. बाईंनी चहा मागवला, पडदा त्याच्या बाजूला वळवला आणि चैतीच्या त्या दिवसाचे फोटो एकेक करून उघडू लागल्या. छापलेला एक सोडला तर चैतीचे आणखी पाच होते. विकणाऱ्याने टाकून दिलेले, नव्यात कधी न आलेले. एकात डोळे मिटलेले. एकात मान अर्धीच. बाईंनी या खेपेला काही विचारलं नाही.

चौथा फोटो पार हललेला होता. चैती काळीला फडकी देता देता वळली होती, हात वर, तोंड उघडं, दाराबाहेरच्या कुणावर तरी ओरडत होती.

रोहिदासने चहा खाली ठेवला.

“मला ओरडते,” तो म्हणाला. “मी जीपच्या टपावर चढलेलो.”

त्याने डोळे मिटले, उघडले, परत मिटले. मग म्हणाला, “बाय, हाच मोठा करून द्या.”

“हललेला आहे रे.”

“असू दे. आईच हाय.”