तात्यांच्या अँबॅसिडरची मागची लाईट

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणारी नाही. म्हणजे चौकात उतरवून टाकलेला लिंबू दिसला की त्याला लाथ मारून पुढं जाणारी मी... आई ओरडत बसते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. इथले अनुभव वाचायचे ते सरळ सांगायचं तर हसायला, आणि लाईट आपोआप लागली असं कुणी लिहिलं की खाली "वायरिंग चेक करा" अशी कमेंट टाकणारी ती मीच होते. सॉरी.

आता माझ्यावर वेळ आलीय. आणि वायरिंग मी चेक केलंय. तीन वेळा.

नावं बदललीत, बाकी जसं घडलं तसं लिहितेय. लांब होईल, पण वाचा प्लीज.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो, रो-हाऊस आहे. आई-पप्पा, मी, माझी मोठीआई आणि महेशदादा. मोठीआई म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको, महेशदादा तिचा मुलगा. थोरले भाऊ म्हणजे तात्या. ते नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ही दोघं आमच्याकडंच. आणि पोर्चमध्ये ताडपत्रीखाली तात्यांची अँबॅसिडर. तीसुद्धा नऊ वर्षं.

त्याच गाडीत तात्या गेले. श्रीपूरला साखर कारखान्यात होते ते. मोठीआई त्या आठवड्यात इकडं सोलापूरला आलेली, तिच्या भावाची वास्तुशांत होती. तिनं दुपारी बाराच्या सुमाराला फोन केला, आजच्या आज या, सगळे विचारतेत. रातपाळी लांबलेली, तात्या तेव्हाच घरी आलेले. एकच्या सुमाराला तसेच निघाले, दादाला बरोबर घेऊन. दादा तेव्हा सतरा वर्षांचा. मोहोळच्या अलीकडं रस्त्याकडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. दादाला खरचटलं फक्त. तात्या जागेवर...

सगळे म्हणाले झोप लागली गाडी चालवताना. रस्त्यावर ब्रेकची खूणसुद्धा नव्हती. दहाव्याला आमच्याच एक नातेवाईक बाई बोलून गेल्या, "रातपाळी करून आलेल्या माणसाला डोळा लावू दिला नाही हिनं." मोठीआई स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं. मी तिच्या शेजारी कोथिंबीर निवडत होते म्हणून मला माहितीय.

त्या दिवसापासून मोठीआई दुपारी झोपत नाही. सोलापूरचा मे महिना, सगळी गल्ली चिडीचूप, आणि ही बाई भिंतीला टेकून नुसती बसलेली. नऊ वर्षं. कुणी म्हटलं जरा पड की, तर म्हणते, "मला न्हाई येत झोप दुपारची."

आता मुद्द्यावर येते. ह्या उन्हाळ्यात दादाचं लग्न ठरलं आणि मोठीआईनं एकच हट्ट धरला — "माझ्या पोराची वरात त्येंच्याच गाडीतनं निघंल." दादा म्हणाला भंगारात घाला ती. खूप चिडला. कधी न चिडणारा माणूस! आम्हाला वाटलं, बापाची आठवण येते म्हणून. शेवटी पप्पांनी गाडी मेकॅनिककडं नेली. डावी बाजू पार चेपलेली, ती त्यानं ठोकून-बदलून सरळ केली, इंजिन चालू केलं. पण मागच्या लाल लाईटा मिळेनात. एक फुटलेली, दुसरी जेमतेम शाबूत, आणि बाजारात मिळतात त्या नंतरच्या मॉडेलच्या, बसतच नाहीत.

मी म्हटलं मी बनवते. घरीच. व्हिडिओ बघितलेले ना! शाबूत काचेवरनं सिलिकॉनचा साचा घ्यायचा, त्यात लाल रंग घातलेलं रेझिन ओतायचं, आत बल्बऐवजी एलईडीची पट्टी. झालं.

कसलं झालं. रेझिनचं पाणी घट्ट व्हायला पाऊण तास लागतो असं डब्यावर लिहिलेलं, आमच्याकडं बेचाळीस डिग्रीत पंधरा मिनिटांत धूर सोडायला लागलं. पहिला पीस तडकला. दुसरा माठाखालच्या ओल्या फडक्यावर ठेवून केला, तो नीट निघाला, पण आत एलईडी लावली तर गुलाबी! एकदम सरबतासारखी. दादा म्हणाला, "शितू, वरातीला लाईट लावतेयस का गोळेवाल्याची गाडी?" तेवढंच हसला तो त्या महिन्यात.

जास्त रंग घालायला हवा होता आणि रंग संपलेला. मागवला तर आठ दिवस. लग्न बारा दिवसांवर. आणि मग मी ती चूक केली.

देवघराच्या खालच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळलेला एक करंडा होता. मला वाटलं जुनं कुंकू पडलंय, कुणी वापरत नाही. चिमूटभर घातलं रेझिनमध्ये. तर काय रंग आला माहितीय का... गर्द, खोल. आईनं रिकामं फडकं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं तो मोठीआईचा करंडा! तात्या गेले त्या दिवशी बांधून ठेवलाय तिनं. तो कुणी वापरत नाही, टाकतही नाही."

मी मोठीआईसमोर गेले, रडायलाच आलेलं. ती म्हणाली, "गाडीलाच लागलं न्हवं? ऱ्हाऊ दे. माझ्या काय कामाचं हाय आता."

ती लाईट मी मागच्या खोलीतल्या टेबलावर सुकायला ठेवली. आत एलईडी बसवलेली, दोन वायरी बाहेर, त्या ॲडॉप्टरला जोडलेल्या, ॲडॉप्टरचा प्लग काढून बाजूला. नीट वाचा — प्लग काढलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी ती लागली.

एकदम बारीक दोनदा. मग एकदा लांब. मग बंद. मला वाटलं उन्हाची तिरीप आली असेल. चार मिनिटांनी परत... दोन बारीक, एक लांब. मी पडदा ओढला. परत. मल्टिमीटर लावला, शून्य. वायरी ॲडॉप्टरपासून तोडल्या. परत लागली. कॅपॅसिटर म्हणाल तर कॅपॅसिटर नाहीच त्यात, नुसती पट्टी आणि रेझिस्टर. वायफायचा राउटर बंद केला. लाईट स्टीलच्या डब्यात ठेवली आणि झाकणाच्या फटीतनं बघितलं तर आत लालेलाल, दोन बारीक, एक लांब. दोन चाळीसला थांबली. नंतर दिवसभर काही नाही.

तिसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. पुन्हा एक-पाचलाच सुरू! वेळा लिहिल्या, आणि लाईट जितक्यांदा लागली तितकी टिंबं. शेवटाकडं ते दोन बारीकवालं बदलत होतं, पण मी तेव्हा एवढं लक्ष दिलं नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढला — व्हिडिओत लाईट बंद दिसते. सगळा वेळ बंद. म्हणून इथं टाकत नाहीये, उगीच मागू नका.

आणि त्या दिवशी जेवताना मला एकदम आठवलं. घास हातात राहिला. आम्ही लहान असताना तात्यांच्या गाडीत मागं बसायचो ना, तेव्हा तात्या ब्रेक कधी एकदम दाबायचे नाहीत. स्पीडब्रेकर असो, म्हैस असो, आधी पाय दोनदा हलका टेकवायचे, मग दाबायचे. म्हणायचे, "मागच्याला आधी कळू दे की बाबा, मी थांबणार हाय." आम्ही मागं बसून ओरडायचो — टिक, टिक, दाब!

दोन बारीक. एक लांब.

कुणालाच सांगितलं नाही मी. काय सांगणार? चौथा दिवस रविवार होता. पप्पा आणि आई पत्रिका वाटायला करमाळ्याला गेलेले. मी खोलीत बसलेले, प्लग हातात घट्ट धरून, म्हणजे कुणी म्हणायला नको. एक-पाच झाले. लाईट लागली. आणि मागं मोठीआई, हातात ताकाचा तांब्या. ती दुपारी झोपत नाही हे मी विसरलेच होते.

मी लाईटवर हात ठेवायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

तांब्या खाली ठेवला, जमिनीवर बसली. दोन-तीन वेळा लागू दिली. मग हळूच म्हणाली, "ह्यो गेटाम्होरचा." मला कळेना. परत लागली. "ह्यो शाळंम्होरचा. तितं दोन हायेत, बग आता." लगेच दुसऱ्यांदा लागली. माझ्या अंगावर काटा... आत्ता लिहिताना पण आलाय. ती रस्ता सांगत होती. श्रीपूर ते सोलापूर. किती वेळा गेलेली त्या रस्त्यानं तात्यांच्या शेजारी बसून. "आता पूल येतोय. पुलावर ते लई हळू घेत्यात." लाईट पुलाला लांब लागली. आणि ती हसली हो! मी मोठीआईला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. जणू काही ते येतच होते घरी.

पाऊण-एक तास असा गेला. मग लाईट थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं.

"च्या पितेत," मोठीआई म्हणाली. "पंढरपूर सोडल्यावर एक टपरी हाय. तितं थांबल्याबिगर जात न्हाईत."

बारा मिनिटांनी लागली. एकदाच. झटकन, जोरात. बारीक-बिरीक काही नाही.

मोठीआईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. पुढचा स्पीडब्रेकर, एकदाच. त्याच्या पुढचा, एकदाच. कच्चकन दाबल्यासारखा. ती पुढं सरकली, अगदी लाईटजवळ.

"ह्यो पाय त्येंचा न्हाय," ती म्हणाली.

दारात आवाज झाला. महेशदादा उभा होता. किती वेळ उभा होता काय माहीत. चेहरा पांढराफटक पडलेला. "बंद कर, शितू."

"दादा, बंदच आहे." मी प्लग दाखवला.

"बंद कर म्हणतो ना!"

लाईट परत लागली. मोठीआईनं मान वळवून पोराकडं बघितलं. आणि दादा चौकटीला धरून खाली बसला.

"टपरीवर तात्या म्हणाले, डोळं मिटाय लागलेत रे. तू घे थोडा वेळ, मोहोळात मी घेतो." तो लाईटकडं बघून बोलत होता. "मला येत होती चालवायला. कॉलनीत त्यांनीच शिकवलेली. समोरनं बस आली, मी डावीकडं दाबली... ट्रॉली दिसलीच नाही आधी. डावीकडं तात्या होते."

डावी बाजू. मेकॅनिकनं ठोकून सरळ केलेली डावी बाजू. आम्ही सगळ्यांनी बघितली होती ती, नऊ वर्षं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"डावं दार उघडेना. पुढची सीट सलग, लोकांनी त्यांना माझ्या बाजूनं ओढून काढलं. मग जो तो म्हणाला ड्रायव्हर गेला. मी बोललोच नाही, आई. पहिल्या दिवशी बोललो नाही... मग पुढं बोलायचं कसं? लोक तुला बोलत होते, मला ऐकू येत होतं. रोज दुपारी तू अशी बसलेली. मला सगळं दिसत होतं."

दोन एकोणचाळीसला लाईट शेवटची लागली. एकदा, अर्धवट. विझली.

मोठीआईनं एवढंच विचारलं, "शेवटाला जागं व्हतं का ते?"

"नाही," दादा म्हणाला. "झोपलेले. तोंडावर टॉवेल घेऊन."

"झोपलं व्हतं व्हय..." ती ताकाच्या तांब्याकडं बघत राहिली. "बरं झालं. रातभर जागलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी एक-पाचला आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. लाईट लागली नाही. त्यानंतर कधीच नाही. ॲडॉप्टर लावला की लागते, साध्या लाईटसारखी. दुसरी मी नंतर आलेल्या रंगातच केली. दोन्ही गाडीला बसवल्या, वरात त्याच गाडीतनं निघाली. पप्पा चालवत होते, त्यांना यातलं अजून काही माहीत नाही. दादा नवरीशेजारी मागं बसला नाही. पुढं बसला, डाव्या बाजूला. पाहुणे हसले. मोठीआई मागं वहिनीचा हात धरून बसलेली.

आता तुम्ही कमेंटमध्ये विचाराल की सप्लाय कुठनं आला. मला माहीत नाही. खरंच. मी लाईट उघडून बघावी म्हणाल तर ती तोडायची माझी हिंमत नाही. कुंकवाचं म्हणाल तर तेच कुंकू घातलेलं उरलेलं रेझिन मी एका वाटीत ओतून ठेवलंय, त्यात काहीच होत नाही. माझ्याकडं एक वही आहे, वेळा लिहिलेली, आणि त्यात "पंढरपूर सोडल्यावर" पासून पुढचं सगळं एक-एक टिंब आहे. एवढंच.

मोठीआई आता दुपारी झोपते. जेवण झालं की फरशीवर पडते आणि दोन मिनिटांत घोरायला लागते, तोंडावर टॉवेल घेऊन. आणि तिच्या पायाशी भिंतीला टेकून दादा बसलेला असतो. काल मी म्हटलं, जरा पड की.

म्हणाला, मला नाही येत झोप दुपारची.