गार भाताची सवय

थंडीच्या सुट्टीत लोक आमच्याकडे येतात. आम्ही कुठे जात नाही. नागावला समुद्राच्या जवळ आमची नारळाची वाडी आहे, वाडीत पाहुण्यांच्या खोल्या आहेत आणि फाटकावर घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीची पाटी. नाताळपासून जानेवारीचा शेवटचा मोठा वीकएंड संपेपर्यंत आमचं घर आमचं नसतं. त्यामुळे नवऱ्याने जेव्हा जाहीर केलं की फेब्रुवारीत आपण चौघं बर्फ बघायला जायचं, तेव्हा मला वाटलं, याला कुणा पाहुण्याने काहीतरी पाजलंय.

पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं. सासूबाईंची कंबर गेली होती. तासन्‌तास ओट्याशी उभं राहणं आता बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ते ऐकून सासूबाई घरी आल्या, पदर खोचला आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. मुलगा ओरडला, नातीने लाडीगोडी लावली, मी आदळआपट केली. त्यांच्यावर काही परिणाम नाही.

मुलगी आठवीत गेली तरी त्या ओट्यावर माझं राज्य आलेलं नव्हतं. मी खोबरं खवायचं, मासे साफ करायचे, भाकऱ्या थापायच्या. कालवणाची फोडणी, वाटणाचा अंदाज आणि मीठ मात्र त्यांचं. पाहुणे हाताची चव बघून परत येतात, असं त्या म्हणायच्या, आणि तो हात माझा नाही हे मला न सांगता कळायचं. खरं सांगते, त्यांच्या कंबरेची मला काळजी होती, पण ओटा हवा होता तो त्याहून जास्त. जिथे स्वयंपाकघरच त्यांचं नाही अशा ठिकाणी आठवडाभर नेलं की त्यांना बसायची सवय लागेल, असा नवऱ्याचा विचार होता. मी लगेच बॅगा भरायला घेतल्या.

विमानाने चंडीगडला उतरलो आणि तिथून गाडीने सिमल्याच्या पुढे, वरच्या अंगाला, सफरचंदाच्या बागांतल्या एका गावात गेलो. घर माझ्याच वयाच्या एका बाईचं होतं. नवरा टॅक्सी चालवायचा, ही आलेल्या-गेलेल्यांचं बघायची. म्हणजे आमच्यासारखंच, फक्त नारळाच्या जागी सफरचंद आणि वाळूच्या जागी बर्फ. गाडीतून उतरल्यावर सासूबाईंनी कुंपणावरचा चिमूटभर बर्फ जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या की दिसतो मिठागरातल्या राशीसारखा, पण खारट नाही.

पाहुणे म्हणून कसं वागायचं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नवऱ्याने आल्या आल्या गिझर उघडझाक करून पाहिला आणि गॅसचा सिलिंडर इतक्या वर आणायला किती पडतात ते विचारलं. मुलगी दुसऱ्या खोलीतल्या जोडप्याला नाश्त्याची वेळ सांगून आली. सासूबाईंनी सकाळी उठून आमच्या खोलीचा केर काढला, गाद्यांच्या घड्या घातल्या, उशांचे अभ्रे काढून धुवायला एका जागी ठेवले. त्या बाईला वाटलं, आम्हाला खोली पसंत नाही आणि आम्ही निघालो. तिची समजूत घालताना नवऱ्याच्या नाकी नऊ आले. शेवटी त्याने आमच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो फोनवर दाखवला, तेव्हा ती मनापासून हसली.

दोन दिवस आम्ही बर्फात चाललो, पडलो, फोटो काढले. सासूबाई तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळायच्या. ती त्यांना आत घ्यायची नाही. चहाचा पेला हातात देऊन पुन्हा उन्हात बसवायची. त्या बसायच्या, पण गाडी चुकलेल्या माणसासारख्या.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून बर्फ पडायला लागला. दुपारपर्यंत रस्ता बंद झाला आणि खाली अडकलेल्या दोन गाड्यांतली माणसं, पोरंबाळं, म्हातारी, चालत वर आली. घर दिसलं तिथे शिरली. सगळ्यांना भूक लागली होती. त्या बाईचा नवरा खाली अडकलेला, घरात ती एकटी. चुलीवर आमच्यापुरता राजमा.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्याने सतरंज्या अंथरल्या, मुलीने पाण्याचे पेले मांडले, मी बटाटे चिरायला घेतले. पैसे भरलेले पाहुणे आम्ही, आणि आमचे हातपाय आपोआप चालू. सासूबाई तर माझ्याआधी आत पोचल्या होत्या. पण तिथे ओटा नव्हता. थंडीमुळे त्या दिवसांत सगळं लाकडाच्या चुलीवर, जमिनीवर बसून करायचं. सासूबाई खाली बसायला वाकल्या, अर्ध्यावर थांबल्या आणि दाराची चौकट धरून तशाच उभ्या राहिल्या. मी उठून त्यांना धरलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

चुलीकडे बघत त्या म्हणाल्या, "तू बस. फोडणी तू घाल."

इतकी वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते असं परक्या घरात ऐकायला मिळालं, आणि मला जराही आनंद झाला नाही. मी बसले. तेल, जिरं, कांदा, बटाटा. त्यांनी मीठसुद्धा विचारलं नाही.

त्या बाईने तोवर सासूबाईंना धरून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं होतं. बाकीचे जेवल्याशिवाय मी कशी जेवू, असं त्या आपल्या मोडक्या हिंदीत तिला सांगत होत्या. तिने ऐकलं नाही. चुलीवरून उतरलेला भात त्यांच्या ताटात वाढला, वर राजमा ओतला आणि समोर उभी राहिली. मी भाजीचा टोप घेऊन दारात आले होते. सासूबाईंनी नेहमीसारखा मोठा घास उचलला, पटकन तोंडात टाकला आणि त्यांचे डोळे भरले. जीभ भाजली होती.

मी हसले. मुलगीही हसली. मग माझं हसू थांबलं. ज्या हाताने त्या पक्कड न घेता तवा उतरवतात, त्या हाताला भात गरम आहे हे कळलंच नव्हतं. आणि तोंडाला तर गरम भाताची सवयच नव्हती. आमच्या घरी आधी पाहुणे जेवतात, मग नवरा आणि मुलगी, मग मी, आणि सगळ्यांच्या मागून त्या. मला हाताला धरून आधी बसवायच्या. मालकीण शेवटी बसते, तसा तो त्यांचा मान आहे असं मी धरून चालले होते. टोपाच्या बुडाशी राहिलेला गार भात त्या घाईघाईने जेवून उठायच्या, कारण चहाची वेळ झालेली असायची.

त्या दिवशी सगळ्यांच्या मागून मी आणि ती घरवाली जेवलो. भात थिजून त्याचा गोळा झाला होता. ती सराईतपणे जेवत होती. माझ्या घशाखाली तो उतरेना.

बर्फ थांबला, रस्ता मोकळा झाला आणि आम्ही सिमल्याला उतरलो. शहरात छान ऊन होतं. मॉल रोडवर माकडं, लोकरीच्या टोप्या आणि आपल्याकडची इतकी माणसं की सासूबाईंनी एका बाईला अलिबागची समजून हाक मारली. ती नाशिकची निघाली. बाप-लेक आईस्क्रीम शोधायला गेले. बर्फातून उतरून आईस्क्रीम खाणारी माणसं माझ्याच नशिबी! आम्ही दोघी बाकावर बसलो आणि मी सरळ विचारून टाकलं की ओटा माझ्याकडे कधी देणार.

त्यांनी शाल नीट गुंडाळून घेतली आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"ओटा कवाच दिला असता गं. पन ओटा घेतला की शेवटचं ताटपन घ्यावं लागतं. ते तुला इतक्यात नको, म्हणून धरून बसले."

माझा स्वभाव गप्प राहायचा नाही. मी म्हटलं की हे निम्मं खरं असेल. उरलेलं निम्मं असं की पाहुणे 'मावशी, काय कालवण झालंय' म्हणतात ते तुम्हाला हवं असतं.

"व्हय," त्या हसून म्हणाल्या, "ते पन हाय."

मग आम्ही दोघीही हसलो, आणि घरी गेल्यावर ओटा तुझा, असा त्यांनी शब्द दिला. इतक्या वर्षांत त्यांच्याजवळ बसून मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

घरी आल्यावरच्या पहिल्या शनिवारी पुण्याची पार्टी होती. सुरमईचं कालवण मी केलं. सासूबाई मागच्या दारी खुर्चीवर लसूण सोलत बसल्या. मध्येच उठायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा बसायच्या. पाहुण्यांची पानं वाढल्याबरोबर मी त्यांचंही ताट नेऊन दिलं. त्यांनी नाक मुरडलं, पण जेवल्या. कालवणाला नावं ठेवली नाहीत, म्हणजे मी काय समजायचं ते समजले.

पाहुण्यांचं आटपेना. कुणाला भाकरी हवी, कुणाला सोलकढी, कुणाच्या पोराला नुसता दहीभात. मी मोकळी झाले तेव्हा भूक मेली होती. ताट घ्यायला आत गेले तर सासूबाई गॅससमोर उभ्या. एक हात ओट्यावर टेकलेला, आणि छोट्या टोपात भात रटरटतोय.

माझं डोकंच फिरलं. डॉक्टर, कंबर, शब्द दिला होता, सगळं एका दमात बोलून घेतलं. त्यांनी शांतपणे झाकण ठेवलं.

"वरडू नको. ओटा तुझाच हाय, मी परत मागत न्हाय. हा येवढा टोप माझा."

मला रडू आलं आणि रागही तसाच होता, त्यामुळे काय करावं ते कळेना. मी पाटावर बसले. त्यांनी भात वाढला, वर कालवण घातलं. वाफ तोंडावर आली. मी विचारलं, "आई, तुमच्यासाठी असा गरम भात कुणी ठेवला होता का कधी?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ठेवला. जेव आता."