दुरुस्तीचा वेगळा पत्ता

माझ्या मावशीने तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. दुकानात पुढे काका नवी मशीनं विकायचे, मागच्या खोलीत ती जुनी उघडून बसायची. शिंपी मंडळी तिला मशीनबाई म्हणत. प्रत्येक बिघाड ती वहीत उतरवून ठेवी: आवाज कसला, दोरा कुठे तुटतो, कुठला स्क्रू किती पिळायचा. अशा अकरा वह्या भरल्या. मग सांधेदुखीने बोटं आखडली आणि बारीक स्क्रू हातातून निसटायला लागले.

"हात गेले तर गेले," ती म्हणाली, "डोक्यातलं वाया जाऊ देणार नाही."

दुकानाची वेबसाइट काकांच्या धाकट्या भावाने बनवलेली. मावशीने त्यालाच गाठलं. "भाऊजी, माझ्या वह्या तिथे चढवता येतील?"

"वहिनी, नवं मशीन घ्यायला आलेल्याला बिघाड दाखवायचे? लग्नाच्या मांडवात घटस्फोटाचे कागद वाचल्यासारखं होईल."

"मग वेगळी जागा द्या."

"बघू."

तीन महिने तो बघतच होता. तेवढ्या वेळात मावशीने वाचनालयातल्या संगणकाच्या वर्गात नाव घातलं. बाकीचे सगळे तिच्या मुलांच्या वयाचे. दोन बोटांनी टाइप करत तिने पहिल्या वहीची साधी वेबपानं तयार केली. तिथेच तिला कळलं, की दुकानाच्या पत्त्याआधी एक शब्द आणि एक टिंब जोडून त्याच पत्त्याखाली दुसरी साइट उभी करता येते. त्याला सबडोमेन म्हणतात. नवं काही विकत घ्यावं लागत नाही, साइट जिथे भाड्याने ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन करायचं.

"अहो, साइटचा पासवर्ड तुमच्याकडे आहे ना?"

काकांनी कपाटातून कागद काढला, पण हातात ठेवून घेतला. "काही बिघडलं तर?"

"बिघडलेलंच तर हाताळत आले मी आजवर. द्या इकडे."

रविवारी सकाळी, दुकान बंद असताना, ती तिथल्या संगणकापुढे बसली. पॅनेल उघडलं तर चित्रांची नुसती जत्रा. तिने आधी सगळ्या साइटचा बॅकअप, म्हणजे जशीच्या तशी प्रत, उतरवून घेतला. मशीन खोलण्याआधी कुठला भाग कुठे होता याचं चित्र काढायची तिची जुनी सवय. मग सबडोमेनचं बटण दाबलं आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'दुरुस्ती' लिहिलं. खालच्या चौकटीत एका नव्या फोल्डरचं नाव आपोआप आलं. दुकान एक, मग फोल्डर दोन कशाला, असं म्हणून तिने ते खोडलं आणि मुख्य साइटच्या फोल्डरचं नाव घातलं. मग आपलं पहिलं पान चढवलं. पॅनेलने विचारलं, याच नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? ती म्हणाली, बदल.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"वहिनी! दुकानाच्या पहिल्या पानावर 'खालचा दोरा का गुंततो' असं काय दिसतंय? मशीनं कुठे गेली?"

आवाज ठाम ठेवून मावशी म्हणाली, "माझ्याकडून झालंय. तासाभरात जागेवर आणते."

"कशाला हात लावू नका, संध्याकाळी मी येतो."

"मशीन मी उघडलंय भाऊजी, बंदही मीच करणार." तिने फोन ठेवला.

काका मागे उभे होते. त्यांनी चहा टाकला.

बॅकअपमधलं जुनं पान तिने परत चढवलं. दुकान पूर्ववत दिसायला लागलं, तेव्हा कुठे तिने पाठ टेकली. मग पॅनेलमधलं मदतीचं पान एकेक ओळ बोट ठेवून वाचलं आणि चूक सापडली: सबडोमेनला स्वतःचा फोल्डर हवा, नाहीतर एका साइटचं पान दुसरीच्या पानावर चढतं. तिने ते सबडोमेन काढून टाकलं, पुन्हा बनवलं आणि या खेपेला खालच्या चौकटीला हात लावला नाही. पानं त्या नव्या फोल्डरात घातली. पत्ता उघडला तर काय, 'साइट सापडली नाही'.

तिने होस्टिंगवाल्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "नवा पत्ता सगळीकडे पोचायला वेळ लागतो आजी. काही तास, कधी एक दिवस."

"म्हणजे माझं काही चुकलं नाही?"

"नाही, सगळं बरोबर आहे."

"मग आजी नको म्हणूस, मशीनबाई म्हण."

संध्याकाळी दीर फणकाऱ्यातच आला. दुकानाची साइट वरून खाली तपासली, खोट सापडेना. मावशीचा पत्ता टाकून पाहिला, तो उघडेना. "पाहिलंत वहिनी? सांगत होतो मी."

"उद्या बघा," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवता जेवता तिने डाव्या हाताने फोनवर पुन्हा पत्ता टाकला आणि ताटावरून उठली. "अहो, आलं! आलं बघा!" काकांनी पहिलं पान शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. तीस वर्षं एका दुकानात बसून त्यातलं निम्मं त्यांना ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी दिराने दुकानाच्या पहिल्या पानावर स्वतःच दुरुस्तीचा दुवा टाकला.

महिन्याभराने एका दूरच्या गावच्या शिंपिणीचा निरोप आला. शाळेचे चाळीस गणवेश शिवायचे आणि मशीन अडलेलं. मावशीचं पान वाचत तिने ते स्वतः खोललं, स्वतः जोडलं. चालू मशीनचा आवाज तिने फोनवर पाठवला होता.

मावशीने फोन कानाला लावला, डोळे मिटले आणि पुरतं ऐकून घेतलं. मग तिने उत्तर टाइप केलं, दोन बोटांनी: "छान केलंस पोरी. पट्टा जरासा सैल आहे, तेवढा ताणून घे."