धोंडीची दाढ

सेलूच्या डॉक्टर शिवमूर्तींकडे तीन प्रकारचे लोक येत. कागदावर पोराचं वय वाढवून हवं असलेले, कमी करून हवं असलेले आणि दात दुखणारे. पोट भरायचं ते तिसऱ्यांवर, जीव रमायचा तो पहिल्या दोघांत. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवताना डॉक्टर एवढंच म्हणत, "दाताला वशिला कळत नाही."

पोरांच्या तोंडात डोकावून वय सांगायचा त्यांना नादच होता. बारसं असो, लग्न असो, लेकरू रडायला लागलं की बाकीचे त्याला गप्प करायला धावत. डॉक्टर मात्र त्यानं आणखी मोठा 'आ' करावा म्हणून वाट बघत. बायको धनश्री वैतागली होती.

"लोक नवरीचे दागिने बघतेत, तुमी करवलीच्या दाढा बघायलात. कुनीतरी हाणील एक दिवस."

"करवली अकराची आहे," डॉक्टर म्हणत. "नऊ सांगतेत."

दिवाळीच्या अगोदर देवगाव फाट्याजवळच्या एका शाळेतल्या सविता मॅडम दवाखान्यात आल्या. त्या खेळ शिकवायच्या. सोबत सातवीतली उंच, काटक राजेश्री आणि तिचा बाप बन्सीधर. मुलींचा चौदा वर्षांखालचा कबड्डी संघ परभणीला जिल्ह्याच्या सामन्यांना निघाला होता. कागद तपासताना राजेश्रीच्या जन्मदाखल्यावर वय निघालं सव्वापंधरा. दाखला चुकला असेल तर डॉक्टरचा अभिप्राय आणा, आणि चूक कशी झाली तेही लेखी द्या, असं स्पर्धेवाल्यांनी कळवलं होतं. नाहीतर राजेश्री बाद.

"ही बाद म्हंजे संघच बाद," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्या नुसत्या उभ्या राहतेत."

"नापास झाली होती का कधी?"

"छे!"

"मग पंधराव्या वर्षी सातवीत कशी?"

मॅडमनी बन्सीधरकडं बघितलं. बन्सीधरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"धोंडे, तोंड उघड," तो पोरीला म्हणाला.

डॉक्टरांनी आधी तोंड बघितलं, मग परभणीहून काढून आणलेला जबड्याचा एक्स-रे उजेडात धरला. दाताचं डोकं आधी तयार होतं, मूळ मागाहून सावकाश वाढतं आणि सगळ्यात शेवटी त्याचं टोक मिटतं. कुठल्या दाताचं काम कुठवर आलंय यावरून वयाचा अंदाज बांधता येतो. राजेश्रीची मागची दाढ हिरडीतून वर येऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या मुळांची टोकं फुंकणीसारखी उघडी होती.

"पंधराची नाही ही. साडेबारा ते साडेतेरा."

"तेरा लिहा मग!" मॅडम खूश झाल्या.

"दाढ एवढं नेमकं बोलत नसते, मॅडम. साडेबारा ते साडेतेराच लिहीन."

काम झालं होतं, पण डॉक्टरांचं समाधान होईना. दात थोडेफार मागंपुढं होतात. पण इथं फरक दोन वर्षांच्या आसपास होता, आणि बाकीचे दातही दाढेच्याच बाजूनं साक्ष देत होते. मग हा दाखला कुणाचा? त्यांना एकदम मघाची हाक आठवली.

"बन्सीधर, हिला धोंडी का म्हणता?"

"उगंच. घरातलं नाव."

उगंच कुणी असलं नाव ठेवत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. एखादं लेकरू गेलं की पुढच्याला दगडाधोंड्याचं नाव देतात, म्हणजे मरण त्याच्याकडं ढुंकून बघत नाही.

"हिच्या आधी कोण होतं?"

खुर्चीतली राजेश्री वळून बापाकडं बघायला लागली. तोंड मिटायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"थोरली," तो म्हणाला. "राजेश्री. सरकारी दवाखान्यात झाली, तवाच दाखला मिळाला. ती गेली ते आमी कुटं लिवलंच न्हाई. ही शेतात, आखाड्यावरच्या खोपीत झाली, हिचंबी लिवलं न्हाई. शाळेत घालताना गुरुजी म्हनले, दाखला आणा. घरात एकच दाखला होता."

मॅडमनी डोळ्यांना पदर लावला. मग त्यांनीच सांगितलं, आता धोंडीची नोंद करायची तर आधी थोरली गेल्याची नोंद करावी लागेल. त्यात ती कुठल्या महिन्यात, कुठल्या साली गेली ते लिहावं लागेल.

"ध्यानात न्हाई वो, मॅडम. ध्यानात ठिवलंच न्हाई."

डॉक्टरांना राहवलं नाही. "गेली तेव्हा दात आले होते का तिला?"

"खालचे दोन. बोट दिलं की चावायची."

"वरचे?"

"न्हाई. वाट बघायलो होतो."

डॉक्टरांनी दाखल्यावरची तारीख बघितली. जन्म जुलैचा. "अंदाजच आहे, पण सात-आठ महिन्यांची असेल. म्हणजे फेब्रुवारी-मार्च. हरभरा काढायचा सुमार."

बन्सीधर त्यांच्याकडं बघतच राहिला. "हरभराच होता," तो म्हणाला. "खळ्यावर झोळी बांधली होती. तुमी तर तिला बघितलंबी न्हाई."

"आप्पा," राजेश्रीनं शेवटी तोंड मिटून विचारलं, "म्हंजे माजं नाव तिचं हाय?"

"आता तुजंच हाय की."

दोघींच्या नोंदींचा अर्ज कचेरीत गेला आणि कचेरीच्या चालीनं चालू लागला. स्पर्धेवाल्यांनी मात्र अभिप्राय, बापाचा जबाब आणि अर्जाची पोच बघून तिला खेळू दिलं. परभणीच्या मैदानावर डॉक्टरही गेले. समोरच्या संघातली एक मुलगी हसली तेव्हा त्यांनी मान पुढं काढली, आणि धनश्रीनं त्यांचा शर्ट मागं ओढला.

राजेश्री चढाईला निघाली तसा बन्सीधर दोरीपाशी उभा राहून ओरडला, "राजेश्री, शाब्बास!" ही हाक त्यानं एवढ्या वर्षांत कुणाला मारली नव्हती. शाळेत सगळे याच नावानं हाक मारत, त्यामुळं पोरीच्या काही ध्यानात आलं नाही. तिनं वळून बघितलं नाही, समोरच्या दोघींना शिवलं आणि ती परत आली.